लघुचित्रफितींतील आरोग्यविचार : प्रचलित अभ्यासपद्धतीची चिकित्सा

१

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेला माळशिरस तालुका दोन गोष्टींमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस ही एक आणि आषाढी वारीचा मार्ग ही दुसरी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरपूरकडे जाते. तुकाराम महाराजांची पालखी अकलूज येथे विसावते. जेथे यात्रा तेथे बाजार, आणि जेथे बाजार तेथे औषध विकणारा, हा क्रम महाराष्ट्रात जुना आहे. रस्त्याच्या कडेला कापड अंथरून त्यावर मुळ्या, साली, बिया व भस्मे मांडून बसलेला जडीबुटीवाला, त्याच्याभोवती जमलेले कोंडाळे आणि त्याची अखंड चाललेली वाणी हे चित्र जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर आजही उभे राहते. औषधाचा गुण काय असेल तो असो. त्या वाणीला मात्र एक निश्चित घाट होता. प्रथम दुखण्याचे वर्णन, मग ऐकणाऱ्याच्या मनातील भीतीला स्पर्श, मग एखाद्या बऱ्या झालेल्या रोग्याची हकिकत, आणि शेवटी पुडीची किंमत.

या घाटाने आता नवे माध्यम धारण केले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेट खेड्यातील सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागले. टिकटॉक या चिनी उपयोजनावर २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातली. त्याची रिकामी झालेली जागा त्याच वर्षी इन्स्टाग्रामच्या ‘रील’ने आणि यूट्यूबच्या ‘शॉर्ट’ने भरून काढली. प्रारंभी एका मिनिटाची असलेली ‘शॉर्ट’ची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत वाढविण्यात आली. या लघुचित्रफितींत करमणुकीच्या खालोखाल जे विषय सहज दृष्टीस पडतात, त्यांत आरोग्य हा एक प्रमुख विषय होय. गुडघेदुखी, मुतखडा, मूळव्याध, पित्त, केस गळणे, वजन, ‘शुगर’ आणि ‘बीपी’ यांवरील उपाय सांगणाऱ्या चित्रफिती मराठीत विपुल आहेत. काही डॉक्टरांच्या आहेत, काही वैद्यांच्या, काही केवळ बोलण्याचे कसब असलेल्या माणसांच्या.

अशा चित्रफितींचा अभ्यास जगभर सुरू झाला आहे, आणि मराठीतही तो होणे अगत्याचे आहे. परंतु हा अभ्यास कोणत्या पद्धतीने करावयाचा याचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही. परदेशात प्रचलित असलेली मापे जशीच्या तशी उचलावीत, मराठी चित्रफितींना गुण द्यावेत आणि सरासरी काढून ‘दर्जा निकृष्ट आहे’ असा निष्कर्ष नोंदवावा, हा मार्ग सोपा आहे. तो अपुरा का आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू होय.

२

प्रचलित मापांपैकी सर्वांत अधिक वापरात असलेले माप ‘डिसर्न’ या नावाने ओळखले जाते. ते ऑक्सफर्ड येथे तयार झाले व १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सोळा प्रश्न असून प्रत्येकास एक ते पाच गुण द्यावयाचे असतात. मजकुराचा हेतू स्पष्ट आहे काय, माहितीचा आधार दिला आहे काय, ती कोणत्या काळची आहे हे सांगितले आहे काय, जेथे वैद्यकाला निश्चित ज्ञान नाही तेथे तसे नमूद केले आहे काय, एकाहून अधिक उपचारांचा उल्लेख आहे काय, उपचार न घेतल्यास काय होईल हे सांगितले आहे काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. दुसरे माप अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९७ मध्ये सुचविले गेले. लेखक कोण, आधार कोणता, हितसंबंध काय आणि माहिती कोणत्या तारखेची, या चार कसोट्या त्यात आहेत.

या मापांनी काही मोलाचे काम करून दाखविले आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मधुमेहावरील १९९ चिनी लघुचित्रफितींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ‘डिसर्न’चाच उपयोग केलेला आहे. लक्ष विचलित होण्याच्या ‘एडीएचडी’ नामक विकारावरील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या शंभर चित्रफिती तपासणारा एक कॅनेडियन अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२ चित्रफिती दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. ज्या माध्यमाकडे विद्वानांनी केवळ पोरखेळ म्हणून पाहिले असते, त्याच्याकडे वैद्यकाने गंभीरपणे पाहावे, एवढे कार्य या अभ्यासांनी निःसंशय साधले.

तथापि ‘डिसर्न’चे प्रश्न पुन्हा वाचून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ते सर्व प्रश्न छापील पत्रकाला विचारण्याचे आहेत. रोगी टेबलाशी बसला आहे, त्याच्या हातात चार पानी माहितीपत्रक आहे, तो ते सावकाश वाचीत आहे आणि मागील पान उलटून पुन्हा पाहत आहे, हे चित्र त्या प्रश्नांच्या पाठीमागे गृहीत धरलेले आहे. एका मिनिटाच्या बोलण्यात आधार, काल, पर्याय, अनिश्चितता आणि उपचार न घेतल्याचे परिणाम ही सर्व सामग्री मावणे अशक्य आहे. म्हणून जवळजवळ प्रत्येक लघुचित्रफितीला कमी गुण मिळणार, हे मोजमाप करण्यापूर्वीच ठरलेले असते. अशा गुणांवरून चित्रफितीची लांबी कळते; तिच्यातील सत्यासत्य कळत नाही.

एक उदाहरण घेतल्यास हा दोष अधिक स्पष्ट होईल. उसाच्या फडात काम करणाऱ्यांना सर्पदंशाचे भय नित्याचे असते. एखादा डॉक्टर वीस सेकंदांच्या चित्रफितीत सांगतो की, साप चावल्यास जखम चिरू नका, रक्त चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका; रोग्याला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका आणि तडक सरकारी रुग्णालयात न्या, तेथे प्रतिविष मिळते. हा सल्ला आजच्या वैद्यकास पूर्णतः मान्य आहे. परंतु त्यात ग्रंथाधार नाही, तारीख नाही, पर्यायी उपचार नाही, अनिश्चिततेचा उल्लेख नाही. ‘डिसर्न’च्या फूटपट्टीवर तो बहुतेक प्रश्नांत नापास होईल. याच्या उलट दुसरी एक चित्रफीत कल्पावी. तीत एक इसम एका वनस्पतीचा रस विष उतरवितो असे सांगतो, प्राचीन ग्रंथाचे नाव घेतो, ‘परदेशात संशोधन झाले आहे’ असे म्हणतो, दुसरे दोन उपायही सुचवितो. कागदावर तिला अधिक गुण मिळतील. पहिली चित्रफीत पाहणारा मनुष्य वाचेल आणि दुसरी पाहणारा कदाचित वाटेतच जाईल. जे माप या दोहोंतील फरक उलटा दाखविते ते माप या कामाला अपुरे आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

३

दुसरा प्रश्न नमुना निवडण्याचा आहे. बहुतेक अभ्यासांची रीत अशी की, रोगाचे नाव शोधपट्टीत लिहावयाचे आणि वर येणाऱ्या पहिल्या शंभर किंवा दोनशे चित्रफिती घ्यावयाच्या. मराठीच्या बाबतीत या रीतीची अडचण पहिल्याच पायरीवर सुरू होते. ‘मधुमेह’ हा शब्द पाठ्यपुस्तकाचा आहे. माळशिरसच्या बाजारात माणसाला ‘शुगर’ असते. ‘उच्च रक्तदाब’ कोणालाच होत नाही, ‘बीपी’ होते. ‘श्वेतप्रदर’ हा शब्द स्त्रिया वापरीत नाहीत. त्या ‘पांढरे पाणी जाते’ किंवा नुसते ‘अंगावरून जाते’ असे म्हणतात, आणि यातील दुसरा प्रयोग रक्तस्रावासही लागू होतो. ‘हर्पीस झोस्टर’ला ‘नागीण’ हे एकच नाव ग्रामीण महाराष्ट्रात रूढ आहे. ‘वात’, ‘पित्त’ आणि ‘उष्णता’ या शब्दांनी तर आयुर्वेदातील अर्थ ओलांडून असंख्य दुखण्यांना आपल्या पोटात घेतले आहे. छातीतील जळजळ, डोकेदुखी, अंगावर उठणाऱ्या गांधी, इतकेच काय, हृदयविकाराची पहिली कळदेखील ‘पित्त’ या नावाखाली जाऊ शकते.

म्हणजे ‘हृदयविकार’ हा शब्द टाकून शोधणाऱ्या अभ्यासकाला ती चित्रफीत दिसणारच नाही, जी हृदयविकाराच्या रोग्याने प्रत्यक्षात पाहिली. तो ‘पित्तावर घरगुती उपाय’ पाहत होता. छातीत दुखत असता त्याला जिरे आणि ताक सांगितले गेले. त्या सल्ल्यात खोटे असे काहीच नव्हते, आणि तरीही त्या घटकेपुरता तो घातक होता. रोगाच्या नावाने केलेली वर्गवारी येथे उपयोगी पडत नाही. लोकांच्या तोंडी असलेल्या लक्षणांच्या नावांनी ती करावी लागेल. या कामी वैद्यकाच्या प्राध्यापकापेक्षा भाषेचा अभ्यासक अधिक उपयोगी पडेल, आणि त्याहूनही अधिक उपयोगी पडेल ती गावातील आशा कार्यकर्ती. कारण ती दररोज ही दोन्ही नावे ऐकते व एकातून दुसऱ्यात नेते.

नमुन्याविषयी आणखी एक आक्षेप आहे. ‘पहिल्या शंभर चित्रफिती’ ही वस्तू सर्वांना समान नसते. कोणाच्या पडद्यावर काय यावे हे त्या त्या माणसाने पूर्वी काय पाहिले, किती वेळ पाहिले आणि कशावर बोट थांबविले यांवरून यंत्र ठरविते. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या विद्यापीठात बसलेल्या अभ्यासकाच्या फोनवर जे येते ते पिलीवच्या शेतकऱ्याच्या फोनवर येतेच असे नाही. शिवाय बहुसंख्य लोक शोधीत नाहीत. त्यांच्यापुढे ते येते. गुडघेदुखीची एक चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली की दुसऱ्या दिवशी तशाच अनेक समोर उभ्या राहतात आणि ‘सगळेच असे सांगतात’ असा भास निर्माण होतो. सुटी चित्रफीत तपासून हा भास कधीही सापडणार नाही. ग्रंथाच्या समीक्षकाने पुस्तकातील एकच पान फाडून त्याचे परीक्षण करावे तसे ते होईल.

यास उपाय अगदीच नाही असे नाही. यूट्यूबवर पाहिलेल्या चित्रफितींची यादी ज्याची त्याला उतरवून घेता येते. ज्यांची संमती आहे अशा काही कुटुंबांनी ती यादी अभ्यासकास दिली, तर तालुक्यात खरोखर काय पाहिले जाते याचे चित्र मिळू शकेल. मात्र या यादीत माणसाची गुप्त दुखणीही असतात, हे विसरता कामा नये. घरातील एकच फोन चौघे वापरीत असतील, तर सुनेने काय पाहिले ते सासऱ्यास कळू नये याची हमी आधी द्यावी लागेल. ही हमी देता येत नसेल तर ती सामग्री न घेणेच बरे.

४

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा आक्षेप ‘खरे’ व ‘खोटे’ या वर्गवारीविषयी आहे. आरोग्यविषयक चित्रफितींतील फार मोठा भाग विधानांचा नसून अनुभवांचा असतो, आणि अनुभव पुष्कळदा खरा असतो.

नागीण घ्यावी. कांजिण्यांचा विषाणू शरीरात दडून राहतो आणि पुढे कधी तरी मज्जातंतूच्या मार्गावर फोड उठवितो, हे तिचे कारण. नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांस मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. तिच्यावर गेरू लावणारे, मंत्र टाकणारे आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेले बहुतेक लोक बरे होतात. ते बरे होतात याचे कारण असे की, हा विकार साधारणतः दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि फोड शरीराच्या एकाच बाजूस राहत असल्यामुळे तोंड व शेपूट मिळण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. काविळीची माळ घालणाराही असाच यशस्वी होतो. कारण दूषित पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ काही आठवड्यांत स्वतःहून उतरते. विष उतरविणाऱ्याचे यश तर याहून सोपे आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही.

आता अशा एखाद्या बऱ्या झालेल्या माणसाने चित्रफितीत येऊन ‘मला गुण आला’ असे सांगितले, तर त्याने काय खोटे सांगितले? तो प्रामाणिक आहे. त्याचे दुखणे खरे होते, त्याचे बरे होणे खरे आहे; चूक आहे ती दोहोंना जोडणाऱ्या ‘म्हणून’ या एका शब्दात, आणि तो शब्द बहुधा उच्चारलाही जात नाही. तो ऐकणारा आपल्या मनात भरतो. ज्यांची दुखणी आपोआप बरी झाली नाहीत ते चित्रफीत काढावयास येत नाहीत. नागीण डोळ्याजवळ उठली असता दृष्टीस धोका असतो, आणि विषाणूविरोधी औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. तो अवधी गेरूत निघून जातो. गरोदर स्त्रीस हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते, तिला माळ घालून घरी बसविणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, दंश दुखत नाही, खूणही सहसा दिसत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात आणि मग श्वास. अशा वेळी घालविलेला एक तासही परत मिळत नाही.

म्हणून चित्रफितीत काय सांगितले याबरोबरच ती पाहून माणूस काय करील, आणि त्याहीपेक्षा काय करावयाचे थांबवील, हा प्रश्न विचारावयास हवा. ‘कारल्याचा रस शुगरला चांगला’ एवढेच एखादा बोलतो. गोळ्या बंद करा असे तो म्हणत नाही. कदाचित त्याच्या मनातही तसे नसेल. पण ज्याला दरमहा गोळ्यांचा खर्च जड जातो त्याच्या कानावर ते वाक्य पडले की, न बोललेले अर्धे वाक्य तो स्वतः पुरे करतो. ज्या मुलाला जन्मभर इन्सुलिन घ्यावे लागते त्याच्या आईबापांनी ते तसे पुरे केले, तर काही दिवसांतच त्याच्या जीवावर बेतते. विधानाची सत्यता तपासणारा परीक्षक या ठिकाणी ‘अंशतः बरोबर’ असा शेरा मारून पुढे जाईल.

वक्त्याच्या अधिकाराचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पांढरा डगला आणि गळ्यातील नळी हा एक अधिकार. तुळशीची माळ व बुक्का हा दुसरा. आणि ‘आपल्यातलाच माणूस’ वाटावा अशी बोली हा तिसरा, बहुधा सर्वांत प्रभावी. फेब्रुवारी २०२० मध्ये निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या कीर्तनातील काही वाक्यांवरून मोठा वाद झाला. सम तिथीस समागम केल्यास मुलगा व विषम तिथीस केल्यास मुलगी होते, असे त्यात म्हटलेले होते. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. गर्भलिंग निवडीस प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली त्याच वर्षी संगमनेरच्या न्यायालयात खटला दाखल झाला. २०२१ मध्ये तेथील सत्र न्यायालयाने तो रद्द केला, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये सत्र न्यायालयाचा निर्णय बाजूला सारून खटला पुढे चालण्याचा मार्ग मोकळा केला. न्यायालयीन दोषादोषाचा विचार येथे कर्तव्य नाही. वैद्यकदृष्ट्या मुद्दा सरळ आहे : अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्राणूतील गुणसूत्राने ठरते, तिथीने नव्हे. अभ्यासकासाठी लक्षणीय आहे ते असे की, ही वाक्ये कीर्तनाच्या मंडपात बोलली गेली आणि चित्रफितीतून राज्यभर पोहोचली. मंडपातील श्रोता जे विनोद, दृष्टांत आणि उपदेश यांच्या प्रवाहात ऐकतो, तेच तुकडा होऊन आले असता सल्ला ठरते. प्रवाहात त्याचा दोष नाहीसा होतो असे नव्हे. परंतु तुकड्याचा परिणाम निराळा होतो, आणि त्याचा हिशेब निराळा करावा लागतो.

५

मराठीला आरोग्यशिक्षणाची स्वतःची मौखिक व लेखी परंपरा आहे, आणि मापे शोधावयाची तर ती तेथेही शोधली पाहिजेत. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचे कीर्तन याचा उत्तम दाखला होय. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा शिरस्ता सर्वश्रुत आहे. परंतु त्या कीर्तनाचा घाट अधिक विचार करण्याजोगा आहे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते एकमुखाने उत्तर देत, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. ऐकणारा समजला की नाही, हे बोलणाऱ्यास तेथल्या तेथे कळत असे. आधार व तारीख यांची कसोटी लावली तर हे कीर्तन अनुत्तीर्ण होईल. पण श्रोत्याचे उत्तर ऐकून पुढे जाणे ही जी कसोटी त्यात आहे, ती छापील पत्रकात नाही.

दुसरा दाखला र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा. १९२७ पासून १९५३ पर्यंत हे मासिक चालले. संततिनियमन व लैंगिक आरोग्य यांविषयी ज्या शंका माणूस घरात बोलू शकत नव्हता, त्या वाचक पत्रातून विचारीत आणि त्यांची उत्तरे मासिकात छापली जात. त्यापायी कर्व्यांना खटले सोसावे लागले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांची सर्व मते आज ग्राह्य ठरतीलच असे नाही. परंतु उत्तर देणारा स्वतःच्या नावाने उत्तर देत होता, ते छापील स्वरूपात राहत होते, आणि त्याची किंमत तो न्यायालयात मोजीत होता.

या दोन दाखल्यांशेजारी लघुचित्रफीत ठेवली असता तिचे उणे कोठे आहे हे दिसते. ती थोडक्यात बोलते हे उणे नव्हे. गाडगे महाराजांची वाक्येही छोटी होती. उणे हे की, ऐकणाऱ्याची पाळी तीत येत नाही. चित्रफितीखाली माणसे प्रश्न विचारतात. आईला किडनीचा त्रास आहे, तिला हे चालेल काय; गोळी चालू ठेवावयाची काय; गरोदरपणी घेतले तर काय; लहान मुलाला किती द्यावे. हे प्रश्न चित्रफितीतील सर्व उणिवा एका ओळीत दाखवून देतात, कारण सामान्य उपाय आणि विशिष्ट शरीर यांतील अंतर विचारणाऱ्याला अचूक जाणवलेले असते. त्याला वैद्यक येत नाही. पण आपली आई चित्रफितीतल्या माणसासारखी नाही, हे त्याला ठाऊक आहे. प्रचलित अभ्यास या प्रश्नांची केवळ संख्या मोजतात आणि ती लोकप्रियतेच्या रकान्यात टाकतात. वस्तुतः आरोग्यविषयक चित्रफितीचे परीक्षण तेथूनच सुरू व्हावयास पाहिजे. त्या प्रश्नांना उत्तर मिळाले काय? कोणी दिले? आपले डॉक्टर विचारून घ्या असे सांगितले, की दूरध्वनीचा क्रमांक देऊन पुडीची किंमत कळविली?

हा शेवटचा प्रश्न विक्रीचा आहे, आणि त्याबाबत कायदा वाटतो तितका मागासलेला नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, कर्करोग इत्यादी विकार बरे करण्याचा दावा जाहिरातीतून करण्यास तो मनाई करतो. ‘जाहिरात’ या शब्दाची त्यातील व्याख्या लेबल व पत्रक यांवर थांबत नाही. तोंडी केलेली घोषणा, आणि प्रकाश, ध्वनी वा धूर उत्पन्न करणाऱ्या किंवा वाहून नेणाऱ्या कोणत्याही साधनाने केलेली घोषणा तीत येते. ज्या काळी दूरचित्रवाणी भारतात पोहोचलेली नव्हती, त्या काळी लिहिलेल्या या व्याख्येत आजचा फोन पुरता मावतो. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात, १९५९ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा काही भाग घटनाबाह्य ठरविला, पण अशा जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही हे तत्त्व मान्य केले. आरोग्याविषयी बोलणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी आपली पात्रता उघड करावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. उणीव आहे ती सल्ला कोठे संपला व विक्री कोठे सुरू झाली हे ओळखण्याची. कारण विक्री चित्रफितीत होत नाही, ती तिच्याखालच्या संवादात किंवा खाजगी संदेशात होते. ज्या अभ्यासाने तो संवाद वगळला, त्याने जाहिरातच वगळली.

६

वरील विवेचनावरून मराठी चित्रफितींच्या अभ्यासासाठी चार प्रश्न निष्पन्न होतात. पहिला, ही चित्रफीत पाहून माणूस काय सुरू करील आणि काय बंद करील? दुसरा, डॉक्टरकडे केव्हा गेलेच पाहिजे, ही मर्यादा तीत सांगितली आहे काय? तिसरा, खाली विचारलेल्या प्रश्नांना कोणी व काय उत्तर दिले? चौथा, या सर्वांतून पैसा कोणास मिळतो? ‘डिसर्न’चे सोळा प्रश्न टाकून द्यावेत असे नव्हे; दीर्घ चित्रफितींना व छापील मजकुराला ते आजही उपयोगी आहेत. परंतु साठ सेकंदांच्या बोलण्याला हे चार प्रश्न आधी विचारले जावेत.

या चार प्रश्नांनी डॉक्टरांच्या चित्रफितीही तपासल्या जातील, आणि तसे होणे न्याय्य आहे. पदवीधर वैद्यकाने ‘उच्च रक्तदाबाचे व्यवस्थापन’ अशा भाषेत केलेले निर्दोष निवेदन ज्याच्यासाठी केले त्याला कळलेच नाही, तर त्याचे निर्दोषत्व निरुपयोगी आहे. उलट बोलीभाषेत, लक्षणाचे लोकांतील नाव घेऊन, ‘छातीत दुखून घाम सुटला तर पित्त म्हणू नका, दवाखाना गाठा’ एवढेच सांगणारी चित्रफीत आकाराने लहान असली तरी तिने आपले काम पुरे केलेले असते.

अशा अभ्यासाचा आरंभ एखाद्या तालुक्यापासून करावा हे उचित, आणि त्यासाठी माळशिरसची निवड अनेक कारणांनी सोयीची आहे. कालव्याखालील बागायत आणि दक्षिणेकडील जिराईत असे दोन्ही प्रकारचे जीवन तेथे आहे. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरचे मजूर तेथे येतात. आषाढात वारी येते व तिच्याबरोबर साथीच्या रोगांची चिंता आणि आरोग्य खात्याची शिबिरेही येतात. पहिले काम कोशाचे. तालुक्यात लोक कोणत्या दुखण्याला काय म्हणतात, आणि त्या नावाखाली वैद्यकातील कोणकोणते विकार येऊ शकतात, याची यादी आशा कार्यकर्ती व आरोग्य केंद्रातील परिचारिका यांच्या साहाय्याने तयार करावी. ती झाल्यावरच चित्रफिती शोधाव्यात. त्यानंतर त्यांखालील प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे डॉक्टरांकडून मिळवावीत, आणि ती त्याच बोलीत पुन्हा लोकांपर्यंत पोहोचवावीत. कारण ज्या प्रश्नांवर अभ्यास उभा राहावयाचा, ते विचारणाऱ्यांना उत्तर न देता नुसते मोजून घेणे योग्य होणार नाही.

वारीच्या वाटेवरील जडीबुटीवाल्यापाशी एक गोष्ट होती. गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभे असे, त्याला उलट विचारू शके, आणि पुढल्या वर्षी तो त्याच वाटेने आला तर जाबही मागू शके. फोनवरील वक्त्यास ते बंधन नाही. बोट वर सरकले की तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. ऐकणाऱ्याचा प्रश्न तेवढा मागे राहतो. मराठी अभ्यासकांनी आपले काम त्या मागे राहिलेल्या प्रश्नापासून सुरू करावे.